तळ्याची वेसण

आमच्या गावात पोळ्याला बैलांबरोबर तळ्यांचीही वेसण बदलतात, हे मी बीडला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा समोरच्यानं माझ्या हातातला कप घेऊन चहाचा वास घेतला. त्याचा दोष नाही. मी सांगतो त्यातलं निम्मं लोक जागेवरच सोडून देतात आणि उरलेल्याला दोननं भागतात. पण हे जसंच्या तसं खरं आहे. श्रावणी अमावस्येला बैलं धुऊन, शिंगं रंगवून, नवी वेसण, नवा कासरा घालून मारुतीपुढून फिरवली की आमचं अख्खं गाव शेततळ्यांकडं निघतं. प्रत्येक तळ्याला जुन्या लुगड्यांचे पिळलेले नवे दोर बांधायचे, उन्हानं विरलेले जुने सोडायचे, खुंटीला गेरू लावायचा आणि पुरणपोळीचा एक घास पाण्याला द्यायचा. पहिल्या पोळ्याला आलेला जावई हे बघून चक्रावतो. त्याला आम्ही समजावत बसत नाही. एवढंच म्हणतो, आक्कांची पद्धत आहे.

आक्का म्हणजे आमच्या महिला दूध सोसायटीच्या चेअरमन. मी त्या सोसायटीचा टेस्टर, म्हणजे दुधाची फॅट बघणारा. दोनशे बायका आणि मी. आक्कांची उंची सव्वाचार फूट आणि आवाज साडेसात फूट. सकाळी सहाला त्यांनी डेअरीच्या ओट्यावरून "रांगेत" म्हटलं की तिकडं केजच्या स्टँडवर एसटीत घुसणारी माणसंसुद्धा आपोआप रांग धरत. हे मला एका कंडक्टरनं सांगितलं, आणि कंडक्टर माझ्याहून खोटा असायचं कारण नाही.

त्यांना चेअरमन केलं ते खरं तर कागदापुरतं. सोसायटी बायकांची काढली तर मंजुरी लवकर मिळते असं कोणीतरी सांगितलं, म्हणून गावातल्या पुरुषांनी सगळ्यांत गरीब दिसणारी बाई निवडली आणि सहीसाठी तिच्या हातात पेन दिला. तो पेन आक्कांनी परत दिलाच नाही.

दुधाची परीक्षा त्या माझ्या यंत्राआधी करत. करंगळी बुडवायची, जिभेला लावायची, आणि दूध आणणारीकडं बघायचं. पाणी घातलेलं असलं तर ते विहिरीचं की टँकरचं हेही सांगत. एकदा तर टँकर कोणता, तोही सांगितला. "लाल तोंडाचा. त्याच्या टाकीला गंज हाय." त्या बाईनं तिथंच कान धरले. मग मी माझं यंत्र लावलं. यंत्राला गंज कळला नाही. यंत्र परदेशी होतं.

आक्कांचा एक नियम मात्र त्यांनाही मोडता यायचा नाही. त्यांचे भाया, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, गावातले बडे शेतकरी. गाव त्यांना थोरलेच म्हणायचं. भायासमोर पदर डोक्यावरून पुढं ओढायचा, नजर खाली ठेवायची आणि थेट बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि आक्कांनी थोरल्यांना एक शब्द थेट ऐकवला नव्हता. पूर्वी पोरांमार्फत, भिंतीमार्फत बोलत. चेअरमन झाल्यावर हातात कायम एक पोचे पडलेली दुधाची किटली असायची, तेव्हापासून तिच्यामार्फत बोलायला लागल्या. "किटलीबाई, थोरल्यांना सांगा, म्हशीला पान्हा चोरायची सवय लागलीय." थोरलेही समोरच उभे असत, पण बाई किटलीशी बोलतेय तोवर ऐकून न ऐकल्यासारखं करत, आणि किटली गप्प बसली की निघून जात. त्या किटलीनं जितकी भांडणं केली तितकी आमच्या तालुक्यात वकिलांनीही केली नसतील.

आता तळ्यांचं सांगतो. त्याआधी आमच्याकडं पाऊस इतकी वर्षं रुसलेला होता की गावातल्या बेडकांना पोहता येत नव्हतं. हसू नका, माणसांनाही येत नव्हतं. आमच्या बापांची पिढी विहिरीत पाठीला सुके भोपळे बांधून पोहायला शिकली. पुढं विहिरी आटल्या आणि एक अख्खी पिढी कोरडीच वाढली. जनावरं छावणीला, माणसं ऊसतोडीला, पाणी टँकरमध्ये. अशात सरकारी योजनेतून शेततळी आली. मारुतीच्या पटांगणाएवढा खड्डा, आत गुळगुळीत प्लास्टिकचा कागद, पावसाळ्यात विहिरीतून मोटारीनं भरून ठेवायचं आणि उन्हाळ्यात त्यावर मोसंबी जगवायची. बघता बघता गावात तेवीस तळी झाली. लोक सकाळी उठून तळ्याला हात जोडत. दुष्काळातल्या माणसाला पाण्याची भीती नसते, ते जाईल याची असते. आलेल्या पाण्यापासून पोरं राखावी लागतील, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

शेजारच्या गावात एक पोरगं गेलं. आईबाप ऊसतोडीला गेलेले, पोरगं आजीजवळ. चप्पल धुवायला तळ्याच्या कडेला उतरलं. भेटायला आक्का गेल्या, जीपमध्ये मी सोबत गेलतो. रडारड झाली, आणि निघताना आक्कांनी तळं कुठंय विचारलं. तिथं प्लास्टिकच्या कागदावर नखांचे ओरखडे होते. खालून वर. आक्का उकिडव्या बसल्या. ओरखडे जिथं संपले तिथून काठापर्यंत त्यांनी हातानं माप घेतलं.

"दीड हात कमी पडला बे, टेस्टर," त्या म्हणाल्या.

परतताना जीपमध्ये त्या बोलल्या नाहीत. आक्का गप्प बसल्या हे मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं, आणि यात मी काहीही वाढवून सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या डेअरीत आल्या त्या काखेत एक जुनं लुगडं घेऊन. ते वाकळेत घालायला ठेवलेलं होतं. त्याच्या पट्ट्या फाडल्या, तीनपेडी पीळ घातला, हातहात अंतरावर गाठी मारल्या आणि टोकाला तेलाचा रिकामा डबा झाकण घट्ट लावून बांधला. डबा तरंगतो, गाठी हाताला सापडतात, लुगडं हाताला कापत नाही. एक टोक काठावरच्या खुंटीला. तेवीस तळी, प्रत्येकाला चार दोर. आक्का म्हणाल्या, पुढचा पोळा व्हायच्या आत एकही तळं मोकाट राहता कामा नये. पोळ्याला तळी भरतात, आणि दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि पोरं म्हाताऱ्यांवर राहतात. एवढंच त्यांना हवं होतं. पण मागितलं असं की गावाला वाटावं, जमीनच मागितली.

विरोध थोरल्यांकडून आला. पारावर बसून ते म्हणाले, पाण्याला फास लावला की पाणी रुसतं, इतक्या वर्षांनी घरी आलेल्या लक्ष्मीच्या गळ्यात दोर घालता का. माना डोलल्या. आमच्याकडं पाण्याविषयी काहीही अशुभ सांगा, लोक लगेच विश्वास ठेवतात, कारण अनुभव तसाच आहे. आक्कांनी पदर पुढं ओढला आणि किटली पारावर ठेवली.

"किटलीबाई, थोरल्यांना इचारा, बैलाला वेसण घालतात का न्हाई? पोळ्याला नवी घालतात. मंग बैल रुसून कुटं गेला? वेसण न्हाई घातली तर मातर पोरं तुडवतो."

थोरले उठून गेले. पण तळ्याची वेसण हा शब्द त्या दिवशी गावात पडला तो पडलाच.

दोराबरोबर दुसरंही खूळ निघालं. आक्कांनी केजहून मोटारी दुरुस्त करणाऱ्या चाचांना बोलावलं. चाचांनी चाळीस वर्षं लोकांच्या विहिरींत उतरून मोटारी काढलेल्या. पोहण्यात त्यांचा हात मासा धरणार नाही. पण मे महिना, तळ्यांत ओंजळभर पाणी नाही, पोहायला शिकवणार कशात? आक्कांनी डेअरीसमोरच्या कडुनिंबाखाली बारा बाजा, म्हणजे खाटा, मांडल्या. गावातली सगळी पोरं, पोरी, रोज संध्याकाळी पाळीपाळीनं बाजेवर उताणी. हात पसरलेले, हनुवटी वर, पोट हवेनं भरलेलं. चाचा मधून फिरत. "पानी से लड़ने का नै बेटा, पानी पे सोने का." आणि आक्का ओट्यावरून ओरडत, "आभाळ मोजा." ढग तर नव्हतेच, म्हणून पोरं घारी मोजायची. भर दुष्काळात कोरड्या अंगणात शंभर पोरं पोहायला शिकतायत हे बघायला बाहेरगावाहून लोक यायला लागले. एक फुगेवाला आला तो महिनाभर हललाच नाही. पोरींना कशाला शिकवता, असं एका म्हातारीनं विचारलं. आक्का म्हणाल्या, पाण्याला पोरगा-पोरगी कळत न्हाई, त्याला वजन कळतं.

मलाही रोज एका बाजेवर झोपावं लागे. टेस्टरला येत नाही आणि पोरांना यावं, हे आक्कांना पटत नव्हतं. स्वतः त्या मात्र घोट्याच्या वर पाण्यात जात नसत. त्यांना पाण्याची इतकी भीती की आंघोळसुद्धा तांब्याशी बोलत बोलत करत, असं त्यांच्या जाऊबाई सांगायच्या. मृगाचे दोन सडाके झाले तशी छावणीतला जनावरांचा हौद छातीइतका भरला, आणि बायकांनी एकेका पोराच्या डोक्याखाली तळवा ठेवून बाजेवरचं पाण्यात उतरवलं. बाजेवर तरंगलेली पोरं पाण्यातही तरंगली. चाचांनी त्या दिवशी डोळे पुसले. वर म्हणाले, हौदाचं पाणी उडालं.

तिसरं खूळ सरावाचं. दूध घालायची रांग लागलेली असताना आक्का मधेच परात बडवून ओरडत, "दोर!" लगेच सगळ्यांनी हातातलं टाकून दोर घेऊन पळायचं. पाण्यात उतरायचं नाही, हाका मारायच्या, दोर टाकायचा. जो उडी मारल्यासारखं करेल त्याच्या पाठीत धपाटा. आठवड्यातून दोनदा हे नाटक. एवढं दूध सांडलं की डेअरीभोवतीची कुत्री ओळखू येईनात, अशी तुकतुकीत झाली.

तरी तळ्यांचे मालक ऐकत नव्हते. त्यांचा पुढारी आमचा पैलवान. त्याचं तळं गावात सगळ्यांत आधी भरलं. छाती अशी की शर्टाची बटणं केजहून वेगळी मागवावी लागत. तो भर रांगेत म्हणाला, "कावून भेवता आक्का? चार पावलं टाकली की माणूस भायेर. दोर कशापायी पायजे?"

आक्का हसल्या. त्या हसल्या की मी दोन पावलं मागं सरकत असे. म्हणाल्या, उद्या सकाळी समद्या गावासमोर उतर आन दोराबिगर भायेर ये. आलास तर मी चेअरमनकी सोडीन.

दुसऱ्या दिवशी तळ्याच्या काठावर इतकी गर्दी की एसटी थांबली आणि ड्रायव्हरही उतरला. आक्कांनी आधी पैलवानाच्या कमरेला जाड दोर बांधला, कारण माणूस हरला पाहिजे, मेला नाही. पैलवान शड्डू ठोकून आत गेला. पाणी गळ्याला. वळला आणि चढायला लागला. पहिल्याच पावलाला पाय सटकून तोंडावर. लोक हसले. दुसऱ्यांदा धावत आला, कमरेइतका वर आला आणि बसल्या बसल्या परत खाली. मग पालीसारखा पालथा पडून सरकला. मग खेकड्यासारखा आडवा. मग पाठमोरा. कागदाला शेवाळाची नुसती साय आलेली, धरायला काही नाही, रोवायला काही नाही. मी मोजत होतो. सातव्या खेपेपर्यंत लोक हसत होते. आठव्या खेपेला हसणं थांबलं. अकराव्या खेपेला पैलवानानं आमच्याकडं पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत जे दिसलं ते बघून ड्रायव्हरनंही टोपी काढली.

"वढा," आक्का म्हणाल्या. साठ बायकांनी दोर ओढला आणि गावातला सगळ्यांत जड माणूस लोण्याच्या गोळ्यासारखा वर आला.

त्यानं तोंडावरचं शेवाळ पुसलं. मग म्हणाला, "आक्का, माजी पोरगी चार वर्षांची हाय."

आक्कांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पैलवान घरी गेला आणि कुस्तीत मिळालेला गुलाबी फेटा घेऊन आला. गावातली पहिली वेसण त्या फेट्याची आहे. पोळ्याला बावीस तळ्यांना दोर लागले. काठ घासून शेवाळ काढलं, त्यालाही बायकांनी, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे चोळतात तसं, खांदमळणी म्हटलं.

राहिलं एक तळं. थोरल्यांचं. गावात सगळ्यांत मोठं, सगळ्यांत खोल, आणि डेअरीपासून हाकेच्या अंतरावर. धाकट्या भावाच्या बायकोनं सांगायचं आणि थोरल्यांनी ऐकायचं, हे त्यांच्या मिशीला सोसणार नव्हतं.

सोसायटीचा ठराव झालेला होता. ज्याच्या तळ्याला दोर नाही त्याच्या घरचं दूध नाही. थोरल्यांचं दूध त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आक्कांच्या जाऊबाईंच्या नावावर. जाऊबाई रोज सकाळी वीस लिटर घेऊन रांगेत उभ्या राहत. दोघी जावा बहिणींहून जवळच्या, रात्री एका ताटात जेवायच्या. पण नंबर आला की आक्का मान दुसरीकडं करून म्हणत, "किटलीबाई, परत जा." जाऊबाईही परत जात. चेहऱ्यावर राग नसे. उलट मला संशय होता की त्या मनातल्या मनात हसतायत.

रोज वीस लिटर दूध घरात राहिल्यावर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दह्याचं लोणी, लोण्याचं तूप, उरलेल्याचा खवा, खव्याचे पेढे. थोरल्यांना सकाळी बासुंदी, दुपारी पेढे, संध्याकाळी खरवस नसताना खरवस. महिन्याभरात त्यांच्या अंगरख्याच्या बारा बंदांतले सातच बांधता यायला लागले. घरचं मांजर इतकं माजलं की उंदीर पाहिला तर त्याला वाट देई. थोरले खात होते आणि धुमसत होते. शेवटी त्यांनी सह्या गोळा केल्या. आक्कांना काढायची सभा ठरली. निम्म्या बायकांचे नवरे थोरल्यांच्या शब्दातले, त्यामुळं निकाल सभेआधीच गावाला माहीत होता. आणि आक्का गेल्या की नवी चेअरमन पहिला ठराव दोर सोडायचा करणार, हेही माहीत होतं. पाणी रुसेल म्हणून बाकीच्या बावीस जणांच्या मनात पाल चुकचुकत होतीच.

सभेच्या सकाळी आक्का नेहमीसारख्या आल्या. खुर्चीखाली एक नवा दोर ठेवलेला होता, हिरव्या लुगड्याचा, जाड, उंची पोताचा. हा कुठला, मी विचारलं. म्हणाल्या, एका बाईनं दिलाय, नाव इचारू नको. दोनशे बायका जमल्या. मी हजेरी घ्यायला लागलो. एवढ्यात तळ्याकडून बारीक आवाज आला.

"दोर!"

सराव आहे असं समजून दोघीतिघी कंटाळून उठल्या. पण परात कोणी वाजवली नव्हती. आक्का खुर्चीवर नव्हत्याच. सव्वाचार फुटांची बाई दोर घेऊन पार बांधापर्यंत पोचलेली. तिच्यामागं दोनशे बायका, बायकांमागं पैलवान, आणि पैलवानामागं मी, हातात हजेरीचं रजिस्टर.

थोरल्यांची सात वर्षांची नात, चिंगी. तिचं करडू पाणी प्यायला वाकून घसरलं, त्याला धरायला ती वाकली. आम्ही पोचलो तेव्हा चिंगी तळ्याच्या मधोमध उताणी पडलेली. हात पसरलेले, हनुवटी वर, पोट फुगलेलं, आणि शांतपणे घारी मोजत होती. मधेच श्वास घेऊन हाक देई, परत मोजायला लागे. करडूही तिच्या पोटावर पाय ठेवून उताणं पडलेलं होतं असं काही जण सांगतात. मी तसं पाहिलं नाही, पण नाकारणारही नाही.

बुडत होते ते थोरले. नातीसाठी त्यांनी धोतरफेट्यासकट उडी घेतली होती. पोहता कुठं येत होतं, तेही कोरड्या वाढलेल्या पिढीतलेच. फेटा एकीकडं, मिशी एकीकडं, हात पाण्याला मारतायत, वर येतायत, परत जातायत. आणि चिंगी आभाळाकडं बघत त्यांना सांगत होती, "आबा, उताणे पडा. लडू नका. झोपा."

आक्कांनी पदर पुढं ओढला आणि हात बाजूला नेला. किटली शोधत होत्या. किटली डेअरीत राहिलेली. तीस वर्षांची सवय, एका क्षणासाठी त्या थबकल्या. तो क्षण मला आजही लांब वाटतो. मग त्यांनी डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी मागं लोटला, थोरल्यांच्या डोळ्यांत डोळे घातले, आणि त्या साडेसात फुटी आवाजात म्हणाल्या,

"थोरले, पोरीची काळजी करू नका, तिला येतंय. तुमाला येत न्हाई. दोर धरा."

डबा भिरभिरत गेला आणि बरोबर थोरल्यांच्या हातापुढं पडला. पैलवान पाण्यात झेपावणार होता. त्याच्या पाठीत धपाटा बसला, कोणाचा ते सांगायला नको. थोरल्यांनी पहिली गाठ धरली, दुसरी धरली. बायकांनी ओढलं. महिनाभराच्या बासुंदीचं वजन होतं, दोर कचकचला, पण तुटला नाही. दुसऱ्या दोरानं चिंगी आली, एका हातात डबा, दुसऱ्या हातात करडाचा कान. काठावर येताच म्हणाली, "सात घारी. आठवी मोजू दिली न्हाई."

थोरले काठावर पालथे पडून खोकत होते. खोकला थांबला तसं त्यांनी मुठीतल्या दोराकडं पाहिलं. हिरवा रंग, काठाला पिवळी रेघ. मग मान वळवून बायकोकडं पाहिलं.

"हे आपल्या लग्नातलं," ते म्हणाले.

"तुमी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई," जाऊबाई म्हणाल्या, आणि चिंगीला पदराखाली घेतलं.

सभा झाली. रद्द कशाला होईल, दोनशे बायका जमलेल्याच होत्या. थोरले ओल्या धोतरानं डेअरीत आले, फेट्याशिवाय, मिशा दोन दिशांना. आक्का परत पदर पुढं ओढून खुर्चीवर बसलेल्या, नजर खाली. सह्यांचा कागद टेबलावर. मी रजिस्टर उघडलं. थोरल्यांनी सह्यांचा कागद उचलला, त्यानं तोंड पुसलं आणि तो खिशात घातला. मग इकडंतिकडं पाहिलं आणि कोपऱ्यातली पोचे पडलेली किटली स्वतः उचलून टेबलावर ठेवली. घसा साफ केला.

"किटलीबाई," ते म्हणाले, "चेअरमनबाईंना इचारा, खुंट्या कुटं ठोकायच्या?"

थोरल्यांच्या तोंडून चेअरमनबाई हा शब्द पहिल्यांदा निघत होता. आक्कांनी किटलीकडं पाहिलं. पदराखाली काय चाललं होतं कळायला मार्ग नव्हता, पण पदर हलत होता.

"किटलीबाई, थोरल्यांना सांगा, चारी बाजूंनी. आन सांच्याला दूध घेऊन या."

पुढं काय झालं ते आमच्या गावात येऊन बघा. तेव्हा तेवीस तळी होती, आता तीस झाली असतील. त्यानंतर आमच्या गावात पाण्यानं एकही पोर नेलं नाही. पाऊस रुसला असेल, पाणी रुसलेलं नाही. चिंगी आता शेजारच्या गावांत पोरांना बाजेवर झोपवून आभाळ मोजायला शिकवते.

त्या दिवशी संध्याकाळी थोरले स्वतः किटली घेऊन रांगेत उभे राहिले, बायकांच्या मागं, शेवटी. नंबर आला. आक्कांनी करंगळी बुडवली, जिभेला लावली आणि किटली माझ्याकडं सरकवली. मी फॅट लावली. यंत्रावर जो अचाट आकडा आला तो मी कधीही कोणाला सांगितलेला नाही, कारण माझ्यावर आधीच कोणी विश्वास ठेवत नाही.